पान निघतं, अर्थ आपण लावतो

मैत्रिणींनो, आमच्या जालन्यातल्या गल्लीत बाराजणींची भिशी आहे. दर महिन्याच्या दहा तारखेला एकीच्या घरी जमायचं, पैसे गोळा करायचे, स्टीलच्या डब्यातल्या चिठ्ठ्या खळखळ हलवायच्या आणि घरातल्या एखाद्या लहान मुलाला एक उचलायला सांगायची. जिचं नाव निघेल तिला त्या महिन्याची रक्कम. तुमच्याकडेही असंच असेल.

गेल्या दोन वर्षांत आमच्यातल्या एकीचं नाव अगदी शेवटी निघालं. लागोपाठ दोनदा. झालं! "माझं नशीबच मागं राहणारं. लग्नातसुद्धा माझी पंगत शेवटीच बसली होती," असं ती आता दर महिन्याला ऐकवते. आता पाहा, बारा चिठ्ठ्यांत कुणाची तरी चिठ्ठी शेवटी राहणारच. चिठ्ठीला ना तिचं लग्न ठाऊक, ना पंगत. चिठ्ठी आपली निघाली. तिचा आणि पंगतीचा धागा जोडला तो आमच्या मैत्रिणीनं.

हे आज आठवायचं कारण म्हणजे टॅरोचे पत्ते. आमच्याच भिशीतल्या एका मैत्रिणीनं मोबाईलवरून त्याचा वर्ग केला आणि रेशमी रुमालात गुंडाळलेला तो जोड ती मागच्या वर्षी आमच्याकडे घेऊन आली. पत्ते सुंदर आहेत हं! एकूण ७८. त्यातले ५६ आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखे चार रंगांचे, आणि २२ निराळे: सूर्य, चंद्र, न्याय, मृत्यू, नशिबाचं चाक असे. मनात प्रश्न धरायचा, पत्ते पिसायचे, तीन काढायचे आणि सांगणारी त्यावरून आपलं पुढचं सांगते.

मला आपली सवय, नवं काही दिसलं की त्याचं मूळ शोधायचं. शाळेत तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते ना! तर शोधलं, आणि गंमतच वाटली. हे पत्ते मुळात भविष्य सांगायचे नव्हतेच. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान आणि फेरारा भागातली श्रीमंत घराणी ते खेळायला वापरत. आपल्याकडे सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा आहेत ना, दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात बारा, असे १२० गोल पत्ते, तसलाच तो खेळ. पुढे जवळजवळ साडेतीनशे वर्षांनी, १७८१ साली, पॅरिसमधल्या एका विद्वानानं लिहिलं की या चित्रांत प्राचीन मिसरचं गुप्त ज्ञान दडलेलं आहे. गंमत अशी, की तेव्हा मिसरची चित्रलिपी जगात कुणालाच वाचता येत नव्हती. ती उलगडली १८२२ साली. तोपर्यंत टॅरोवर भविष्य सांगणं फ्रान्समध्ये चांगलं रुळलं होतं!

आज जे पत्ते सर्वांत जास्त दिसतात, ते १९०९ साली लंडनमध्ये निघाले. चित्रं काढली पामेला कोलमन स्मिथ नावाच्या बाईंनी. पण जोडाला नाव पडलं ते छापणाऱ्या कंपनीचं आणि कल्पना देणाऱ्या गृहस्थांचं. रायडर-वेट. बाईंचं नाव त्यात घालायला लोकांना पुढची कितीतरी वर्षं लागली. राबायचं एकीनं आणि नाव दुसऱ्याचं, हे आपल्याला काही नवीन नाही!

असो. मैत्रिणीनं माझेही पत्ते काढले. म्हणाली, "तू सगळ्यांचं करतेस, पण तुझं मन कुणी जाणत नाही." खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रात्री भांडी आवरताना मात्र वाटलं, हे वाक्य आमच्या भिशीतल्या कुणाला लागू नाही?

बी.ए.ला मानसशास्त्र हा माझा एक विषय होता. त्यात वाचलेलं आठवलं. अमेरिकेत १९४८ साली बर्ट्रम फोरर नावाच्या प्राध्यापकानं वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन लिहून दिलं. वर्णन कितपत जुळतं याला पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी आली ४.२६. मग त्यानं फोड केली, की सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि तोही बराचसा बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उतरवलेला.

म्हटलं, आपणही करून पाहू. संक्रांतीच्या महिन्यात भिशी माझ्याकडे होती. माझी मोठी बहीण, आक्का, चार दिवस राहायला आली होती. ती धरून बाराजणी. मी बारा चिठ्ठ्या लिहिल्या. प्रत्येकीवर एकच मजकूर: "तुम्ही बाहेरून खंबीर दिसता, पण आतून फार हळव्या आहात. घरासाठी केलेल्या कष्टांची म्हणावी तशी कदर झालेली नाही. एक गोष्ट अशी आहे, की ती तुम्ही अजून कुणालाच सांगितलेली नाही. पुढच्या काही महिन्यांत एक निर्णय तुम्हाला घ्यावा लागेल." घड्या घालून डब्यात टाकल्या आणि सांगितलं, की मीही नवं शास्त्र शिकलेय, एकेक उचला आणि मनातल्या मनात वाचा.

तिळगूळ हातातच राहिला हो! एक म्हणाली, "अगबाई, हे तर पुरेपूर माझंच." दुसरीनं पदरानं डोळे पुसले. जिचं नाव शेवटी निघतं ती म्हणाली, "पाहा, कदर होत नाही असं चिठ्ठीतसुद्धा आलं." नऊजणींना चिठ्ठी अगदी तंतोतंत पटली, दोघींना बरीचशी. मग मी सांगितलं, की आता शेजारणीची वाचा. हसून हसून पुरेवाट झाली सगळ्यांची. टॅरोवाली मैत्रीणसुद्धा हसली, आणि मग म्हणाली, "पण तेवढ्या वेळापुरतं बरं वाटलं की नाही?" वाटलं होतं, हे आम्हाला कबूल करावंच लागलं.

बारापैकी एकटी आक्का हसली नव्हती.

रात्री सगळं सामसूम झाल्यावर ती स्वयंपाकघरात आली. मी कपबशा विसळत होते. ती हळूच म्हणाली, "ती तिसऱ्या ओळीतली गोष्ट तुला कशी कळली?"

"कुठली गोष्ट, आक्का? अगं, सगळ्यांची एकच चिठ्ठी होती."

"ते कळलं मला. पण मला एक गाठ आहे." तिनं माझा ओला हात धरून छातीच्या डाव्या बाजूला ठेवला.

दिवाळीत अभ्यंगस्नानाच्या वेळी तिच्या हाताला ती लागली होती. दुखत नव्हती म्हणून कुणाला सांगितलं नाही. भाऊजींना नाही, सुनेला नाही. पण मनाला घोर लागलेला. भाची कॉलेजात शिकते, तिच्या मोबाईलवर टॅरो सांगणाऱ्या एक बाई होत्या. आक्कानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "माझी तब्येत कशी राहील?" गाठीचं त्या बाईंना काही सांगितलंच नव्हतं. पान निघालं सूर्याचं. पांढऱ्या घोड्यावर बसलेलं हसरं बाळ, मागे सूर्यफुलं. बाई म्हणाल्या, प्रकाशाचा काळ आहे, आरोग्य उत्तम. आक्काला हायसं वाटलं. म्हणजे काळजीचं कारण नाही. दवाखान्यात कशाला जायचं?

महिन्याभरानं गाठ थोडी वाढल्यासारखी वाटली. पुन्हा विचारलं. या वेळी पान निघालं मृत्यूचं. चिलखत घातलेला सांगाडा, हातात काळं निशाण. बाईंनी बिचाऱ्यांनी समजावलं, की हे पान मरणाचं नसतं, जुनं संपून नवं सुरू होतं असा त्याचा अर्थ. पण आक्काला तो सांगाडा दिसला तो दिसलाच. "आता पानातच आलं म्हटल्यावर दवाखान्यात जाऊन काय होणार गं?"

मैत्रिणींनो, मी तिच्याकडे बघतच राहिले. चांगलं पान निघालं तेव्हा जायची गरज नव्हती. वाईट निघालं तेव्हा जाऊन उपयोग नव्हता. म्हणजे ७८ पैकी कुठलंही पान निघालं असतं, तरी आक्का घरीच बसणार होती! पान तिला काहीच सांगत नव्हतं. तिला दवाखान्यात जायची भीती वाटत होती, आणि दोन्ही वेळा त्या भीतीनंच पानाचा अर्थ लावला होता.

माझ्यातली मास्तरीण जागी झाली. कागद घेऊन तिला हिशोब मांडून दाखवला. ७८ पत्त्यांतून तीन एकामागून एक काढले, तर ७८ गुणिले ७७ गुणिले ७६, म्हणजे ४,५६,४५६ निरनिराळ्या मांडण्या होतात. आणि तीन पानांत मृत्यूचं पान येण्याची शक्यता सव्वीसात एक. म्हणजे तीन-तीन पानं काढणाऱ्या दर सव्वीस बायकांत सरासरी एकीला तो सांगाडा भेटतोच. "त्या सगळ्या काय मरतात, आक्का?"

ती गप्प बसली. मग म्हणाली, "असं म्हणतेस, पण दादासुद्धा घट बघायला जायचे की!"

आमचे वडील, दादा, आता नाहीत. आमचं माहेर जाफराबाद तालुक्यात, बुलढाणा जिल्ह्याच्या शिवेला लागून. अक्षय तृतीयेच्या सुमारास दादा चिखली-खामगावच्या वाटेनं जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला जायचे. तिथली घटमांडणी तुम्ही ऐकली असेलच. वाघ घराण्यानं तीनशेहून अधिक वर्षं चालवलेली रीत आहे ती. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात गोल करून अठरा प्रकारची धान्यं मांडायची. मधल्या खळग्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्यानं भरलेली घागर, वर पुरी, पापड, कुरडई, भजी, करंजी. खाली पानसुपारी, ती राजाची खूण. रात्रभर तिथे कुणी थांबायचं नाही. पहाटे कुठलं धान्य जागचं हललं, कुठलं ढेकूळ किती भिजलं, यावरून वर्षाचं पीकपाणी सांगतात. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातले शेतकरी ऐकायला लोटतात.

नीट पाहिलं तर टॅरोची आणि घटाची जात एकच. रात्री वाऱ्यानं, मुंगीनं, उंदरानं दाणा इकडचा तिकडे होतो. घागरीचा पाझर एका ढेकळावर जास्त, दुसऱ्यावर कमी पडतो. इथवर सगळा योगायोग. पुढचं सगळं अर्थ लावणं. आणि शब्द कसे, तर "साधारण", "कमी-जास्त" आणि "मोघम". कपाशी मोघम म्हणजे काय समजायचं? दादा सांगायचे, की एकाच गाडीतून परतताना तेच एक वाक्य ऐकून एकानं कपाशी वाढवायचं ठरवलं आणि दुसऱ्यानं कमी करायचं. पहिल्याकडे बियाणं आधीच घेऊन ठेवलेलं होतं, दुसऱ्याचा सोयाबीनकडे ओढा होता. दोघांनाही घटानं आपलंच म्हणणं सांगितलं!

"आणि दादा स्वतः काय करायचे?" मी आक्काला विचारलं.

ते तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. लहानपणी दादांबरोबर शेतात तीच जायची. दादा मातीत हात खुपसून ओल किती खोल गेली ते बघायचे. म्हणायचे, "घट जाऊन ऐकायचा, चार माणसं भेटतात. पेरणी मात्र जमीन सांगंल तवाच करायची." कृषी खातंही तेच सांगतं, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. २०१२ साली आपल्या जालन्यात केवढा दुष्काळ पडला, आठवतो ना? त्या वर्षी आजूबाजूला पहिल्या शिंतोड्यावर पेरलेलं करपलं आणि दुबार पेरणीची वेळ आली. दादा थांबले म्हणून त्यांचं दुसऱ्यांदा घ्यायचं बियाणं वाचलं. पीक त्यांचंही गेलंच, खोटं कशाला सांगू? पावसाचा भरवसा कुणालाच देता येत नाही. पण हातातलं होतं तेवढं त्यांनी घटावर सोडलं नव्हतं.

आक्का बराच वेळ बसून राहिली. मग म्हणाली, "मला लई भ्याव वाटतंय गं."

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत एवढं एक वाक्य बाहेर यायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी, आक्का आणि आमचे हे असे तिघं छत्रपती संभाजीनगरला गेलो.

गाठ चांगली नव्हती. ऑपरेशन झालं, मग इंजेक्शनांचे कोर्स झाले, केस गेले. डॉक्टर म्हणाले, दिवाळीतच आला असतात तर बरं झालं असतं, पण अजून हाताबाहेर गेलेलं नाही. तपासण्या चालू आहेत. केस परत आलेत, पूर्वीपेक्षा कुरळे. गेल्या महिन्यात ती माझ्याकडे आली, तेव्हा आमची टॅरोवाली मैत्रीणही भेटायला आली होती. आक्कानं तिच्याकडून पत्ते मागून घेतले, सूर्य आणि मृत्यू शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाली, "अगं, दोन्हीवर घोडा पांढराच आहे की! मला एकावरच दिसला होता."

तेव्हा मैत्रिणींनो, पत्ते जाळा, चिठ्ठ्या फाडा असं मी सांगणार नाही. कोकणात देवाला कौल लावतात, राजूरच्या गणपतीला अंगारकीला गेलं की पूर्वी वाटेवर पोपटवाला बसलेला असायचा, आणि पाकीट काढणाऱ्या त्या पोपटाला आपणही हौसेनं पैसे दिलेत. घरातल्या बाईला "तुझ्या मनात काय आहे?" असं विचारणारं कुणी नसतं. अर्धा तास कुणी आपल्याकडे बघून आपल्याबद्दल बोलतं, याची ओढ मला कळते. मीही त्यात रडलेच होते ना! फक्त चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, पान काढण्याआधी कागदावर लिहा: चांगलं निघालं तर मी काय करीन, वाईट निघालं तर काय करीन. दोन्ही उत्तरं एकच आली, तर पानाची गरजच नाही. तुमचं ठरलेलं आहे.

दुसरी, चिठ्ठी उघडताना कुठली निघावी असं वाटत होतं, तिकडे लक्ष द्या. चिठ्ठीत काही असो, आपल्या मनाचा कौल तिथे कळतो. तो बरोबरच असेल असं नाही. आक्काचं मनही नको तिकडेच ओढत होतं. पण निदान ओढ कुठे आहे ते उमगतं.

तिसरी, जे पाहून, मोजून, तपासून कळतं ते पानाला विचारू नका. पैशाचं बँकेत विचारा, जमिनीचं तलाठ्याकडे, अंगाचं डॉक्टरांकडे. छातीत गाठ लागली, मग ती दुखो न दुखो, दाखवायला जा. बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण ते तपासल्यावरच कळतं. तीस वर्षांवरच्या बायकांची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते.

चौथी, पान वाईट आलं, आता शांतीला एवढे आणि उपायाला तेवढे लागतील, असं कुणी म्हणू लागलं की पदर खोचून सरळ उठायचं.

आणि आपल्या आई, बहीण, जाऊ, शेजारीण यांना अधूनमधून विचारत जा, की कुणाला सांगितलं नाही असं काही आहे का गं? चिठ्ठी न लिहिताही विचारता येतं.

पुढची भिशी पुन्हा माझ्याकडे आहे. आक्का या वर्षीपासून तेरावी. जिची पंगत शेवटी बसली होती ती आताच म्हणतेय, की आकडा तेरा झाला, आता तर माझं नाव निघायचंच नाही. नाव कुणाचंही निघो, तेराजणींचे पोहे मात्र मलाच करायचे आहेत!